अर्ध्या दांत्याचा न्याय

दोष दिसणें आणि दोषाचें कारण कळणें या दोन गोष्टींत केवढें अंतर आहे, हें व्यवहारांत फारच थोड्यांच्या लक्षांत येतें. मुलाला ताप आला कीं "काल पावसांत भिजलास ना?" असें आपण तत्काळ म्हणतों, इडलीचें पीठ फुगलें नाहीं कीं सुनेचा हात वाईट ठरतो, आणि दुरुस्तीहून आलेलें यंत्र नीट चालेनासें झालें, कीं दुरुस्त करणारा लबाड तरी ठरतो, नाहीं तर अडाणी तरी. जें लगेच आधीं घडलें तेंच कारण, हा समज मनुष्याच्या मनांत इतका खोल रुजलेला आहे कीं, तर्कशास्त्र पढलेला मनुष्यही घरीं परतल्यावर तें छत्रीबरोबर खुंटीला टांगून ठेवितो.

आज ज्या प्रकरणाविषयीं आम्ही लिहीत आहों, तें एका मोटारीच्या एंजिनाचें आहे. कित्येक वाचकांस हा विषय रुक्ष वाटेल, हें आम्ही जाणतों. परंतु त्यांत एका कारागिराच्या अब्रूचा प्रश्न गुंतलेला होता, आणि त्याचा निकाल अर्ध्या दांत्यावर लागला. म्हणून थोडा धीर धरून हें वाचावें, अशी विनंती आहे.

आमच्या वडील बंधूंची एक अँबॅसिडर मोटार आहे. ही गाडी १९५७ सालापासून २०१४ सालापर्यंत बंगालमधील उत्तरपाडा येथें तयार होत असे. इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड मोटारीची तिसरी मालिका हा तिचा मूळ नमुना. बंधूंच्या गाडीला १४८९ घनसेंटिमीटरचें, पेट्रोलवर चालणारें जुन्या धर्तीचें एंजिन आहे. बंधू निवर्तल्यावर त्यांच्या चिरंजीवानें ती विकली नाहीं. उलट २०२२ सालच्या पावसाळ्यांत सांगलींतील एका तरुण कारागिराकडून एंजिन पूर्ण उकलून नव्यानें बांधून घेतलें. सिलिंडर घासून मोठे केले, क्रँकशाफ्ट लेथवर नीट करून आणला, नवे दट्ट्ये घातले, आणि त्यासोबत टायमिंगची साखळी व तिचीं दोन दांतेरी चाकें हींही नवीं बसविलीं.

या साखळीचें काम काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. एंजिनांत दट्ट्ये खालींवर होतात आणि त्यांच्या जोरानें क्रँकशाफ्ट फिरतो. सिलिंडरांत पेट्रोलमिश्रित हवा आंत घेणाऱ्या व जळालेला धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. त्या उघडमीट करण्याचें काम कॅमशाफ्ट नांवाचा दुसरा दांडा करितो. हे दोन्ही दांडे एका साखळीनें जोडलेले असतात. कॅमशाफ्टच्या चाकाला क्रँकशाफ्टच्या चाकाच्या दुप्पट दांते असतात. म्हणून क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा एक होतो. गवई आणि तबलजी यांनीं आपापल्या परीनें कितीही फिरावें, पण समेवर दोघांची गांठ पडलीच पाहिजे, तसाच हा प्रकार आहे. ती सम दाखविण्यासाठीं दोन्ही चाकांवर एकेक ठिपका ठोकलेला असतो. चाकें बसवितांना हे दोन ठिपके एकमेकांसमोर, दोन्ही दांड्यांच्या मध्यांतून जाणाऱ्या सरळ रेषेवर यावयास पाहिजेत. ते आले म्हणजे झडपा व दट्ट्ये यांचा ताल जमला असें समजावें.

दुरुस्तीनंतर तीन आठवड्यांनीं आमचा पुतण्या सहकुटुंब रत्नागिरीस गेला. जातांना उतार होता. परत येतांना आंबा घाटांत गाडीचा जीव गेला. चढावर तिला दम राहीना, कार्ब्युरेटरांतून ती खोकूं लागली, आणि एंजिनाच्या पुढच्या अंगाला कांहीं तरी घासत असल्याचा आवाज येऊं लागला. कशीबशी ती घरीं पोंचली. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं चालू करण्यास अर्धा तास लागला. पुतण्या तडक गॅरेजांत गेला आणि तेथें जमलेल्या चारचौघांदेखत त्या कारागिरास म्हणाला, "तूं साखळी एक दांता चुकवून बसविलीस. तुला यंत्रांतलें कांहीं कळत नाहीं. उरलेले पैसे मिळणार नाहींत, आणि गांवांत कोणी तुझ्याकडे गाडी आणणार नाहीं, एवढें मी पाहीन."

त्याच सायंकाळीं तो कारागीर आमच्याकडे आला. आमच्याच शाळेंत तो नववीपर्यंत शिकला. पुढें वडील गेल्यामुळें गॅरेजांत लागला. पायरीवरच उभा राहून तो म्हणाला, "गुरुजी, पैशांचें राहूं द्या. पण दांता मीं चुकविलेला नाहीं. तुम्ही समोर बसा, मी सगळें उघडून दाखवितों. मग तुम्ही म्हणाल तें मला कबूल आहे." लहान गांवांतील कारागिराची सारी पुंजी म्हणजे लोकांचा विश्वास, तो गेला म्हणजे हत्यारांची पेटी भंगारांत विकावी लागते. आम्हीं पुतण्यास निरोप धाडला आणि रविवारीं तिघे गॅरेजांत बसलों.

आम्हांस वाटलें होतें कीं, तो पठ्ठा प्रथम झांकण उघडील. त्यानें तसें केलें नाहीं. तो म्हणाला, "गुरुजी, गाडी खोकते म्हणजे साखळीच चुकली, असें म्हणतां येत नाहीं. पेट्रोल कमी व हवा जास्त मिळाली तरी ती खोकते. प्लगांच्या तारांची अदलाबदल झाली तरी खोकते. झडपा उशिरां मिटल्या तरीही खोकते." आम्ही चकित होऊन ऐकत राहिलों. न्यायशास्त्रांत ज्याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात तो हाच. जें चिन्ह साध्य असतांना दिसतें आणि साध्य नसतांनाही दिसतें, त्यावरून अनुमान करतां येत नाहीं. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह कानांवरूनही न गेलेल्या मुलानें तो हात काळे असतांना अचूक ओळखला होता.

मग त्यानें एकेक शंका क्रमानें काढून टाकण्यास आरंभ केला. या एंजिनांत ठिणगी पडण्याचा क्रम १, ३, ४, २ असा आहे. तारा त्याच क्रमानें लागलेल्या होत्या. नंतर त्यानें एंजिन हातानें फिरवून चौथ्या सिलिंडरच्या झडपांवर नजर ठेविली. एक झडप मिटत आहे आणि दुसरी उघडूं लागली आहे, अशी चौथ्याची स्थिति आली म्हणजे पहिला दट्ट्या दाब पूर्ण करून वर आलेला असतो. त्या क्षणीं डिस्ट्रिब्यूटरचें बोट पहिल्या सिलिंडरच्या तारेकडेच होतें. म्हणजे तेंही बरोबर. "हें अर्ध्या फेऱ्यानें उलट बसलें तरी लोक साखळीलाच दोष देतात," असें तो सहज बोलून गेला.

नंतर चारही प्लग काढून त्यानें प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. चारही ठिकाणीं तो कमी होता, आणि विशेष म्हणजे जवळजवळ सारखाच कमी होता. एखादी झडप जळाली असती तर एकाच सिलिंडरचा दाब पडला असता. चौघांचा सारखा पडला, त्या अर्थीं कारण चौघांना समान असलें पाहिजे. पुतण्या म्हणाला, "नव्या रिंगा अजून बसल्या नसतील." शंका रास्त होती. त्यावर कारागिरानें सिलिंडरांत थोडें थोडें तेल सोडून दाब पुन्हां मोजला. दट्ट्याच्या कडेनें गळती असेल तर तेल ती फट भरतें आणि दाब चढतो. तो फारसा चढला नाहीं. रिंगाही सुटल्या. एक वस्तु असतां कार्य होतें कीं काय, आणि ती काढून घेतली असतां कार्य थांबतें कीं काय, या अन्वयव्यतिरेकाच्या कसोटीला प्रत्येक शंका त्यानें अशी लाविली.

आतां टायमिंगच उरलें. परंतु दट्ट्या खरोखर शिखरावर केव्हां येतो हें ठरल्याशिवाय कोणतीही खूण निरर्थक. पुलीवरील खांचेवर त्यानें डोळे मिटून विश्वास ठेविला नाहीं. प्लगच्या भोंकांतून त्यानें एक अडथळा बसविला. एंजिन एका बाजूनें हळूच फिरवून दट्ट्या अडला तेथें पुलीवर रेघ मारिली, दुसऱ्या बाजूनें फिरवून अडला तेथें दुसरी मारिली, आणि दोहोंचा मध्य काढिला. शिखराजवळ दट्ट्या क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, म्हणून नुसत्या नजरेनें तें स्थान सांपडत नाहीं. दोन्हीकडचें अंतर सारखें घेऊन मात्र तें नेमकें सांपडतें. मध्य आणि मूळची खांच तंतोतंत जुळलीं.

मग रेडिएटर, पट्टा, पुली हीं उतरून साखळीवरील झांकण निघालें. क्रँकशाफ्ट त्यानें चालण्याच्याच दिशेनें फिरवीत आणून थांबविला. उलट फिरविलें तर साखळीची ढील ओढणाऱ्या बाजूला येते आणि ठिपके खोटें सांगतात, असें त्यानें आम्हांस समजाविलें. ठिपके समोरासमोर आले. पण रेषेवर आले नाहींत. कॅमशाफ्टचा ठिपका सुमारें अर्धा दांता मागें होता.

"पाहा काका!" पुतण्या उसळून म्हणाला.

"पाहिलें," आम्ही म्हणालों, "पण तूं एक दांता म्हणाला होतास, हा अर्धा आहे. साखळी एक दांता चुकते, दोन चुकते. ती अर्ध्या दांत्यावर कशी बसेल?"

या प्रश्नावर सारें प्रकरण फिरलें. साखळीची कडी दोन दांत्यांच्या मधल्या खांचेंतच बसते. दांत्याच्या डोक्यावर बसत नाहीं. बसविणाऱ्याच्या हातून चूक झाली असती तर ती पूर्णांकांत झाली असती. अपूर्णांकांतील चूक हातांतून येत नाहीं; ती वस्तूंतून येते. कारागीर खालीं मान घालून म्हणाला, "गुरुजी, हें मीं त्याच दिवशीं साहेबांना फोनवर सांगितलें होतें. साखळी एक दांता पुढें घेतली तर ठिपका अर्धा पलीकडे जातो, मागें घेतली तर अर्धा अलीकडे राहतो. साहेब म्हणाले, गुरुवारीं निघावयाचें आहे, आहे तसें बसव." पुतण्या कांहीं बोलला नाहीं.

वस्तूंत दोष कोठें, हें पाहण्याचें काम राहिलें. चाक दांड्यावर घट्ट राहावें म्हणून खांचेंत अर्धचंद्राकृति चावी असते. ती चेपली किंवा सरकली तर चाक थोडें फिरतें. चाव्या काढून पाहिल्या; धड होत्या. क्रँकशाफ्ट आपल्या जागेवरून वर आला असेल तर साखळी ढिली पडते. पण साखळीची ढील बेताची होती. शेवटीं त्यानें फळीवरून एक पत्र्याचा डबा काढिला. त्यांत आमच्या गाडीचे काढलेले सारे जुने भाग नीट पुसून, चिठ्ठी लावून ठेविलेले होते. मालकाला दाखविल्याशिवाय भंगारांत कांहीं टाकावयाचें नाहीं, असा त्याचा नेम आहे. त्यानें कॅमशाफ्टचें जुनें चाक व नवें चाक एकाच आंसावर, एकाच चावीवर, एकापुढें एक बसविलें आणि दांत्यांवरून सरळ पट्टी धरिली. दोहोंचे ठिपके एका रेषेंत होते. पण नव्या चाकाचे दांते जुन्याच्या खांचांसमोर आलेले होते! नव्या चाकांत चावीची खांच व ठिपका हीं एकमेकांशीं जुळतीं होतीं, परंतु दोन्ही दांत्यांच्या मानानें अर्ध्या दांत्यानें बाजूला कापलीं गेलीं होतीं.

अर्धा दांता म्हणजे काय मोठेंसें, असें कोणी म्हणेल. हिशेब करून पाहावा. मोठ्या चाकाला ४० दांते आहेत असें धरलें, तर एक दांता म्हणजे त्या चाकाचे ९ अंश आणि क्रँकशाफ्टचे १८ अंश. अर्धा म्हणजे क्रँकशाफ्टचे ९ अंश. तेवढ्या उशिरां हवा घेणारी झडप मिटली, कीं वर चढणारा दट्ट्या आंत आलेल्या मिश्रणापैकीं कांहीं परत कार्ब्युरेटरकडे ढकलतो. त्यामुळें दाब कमी, सुरुवात जड, चढावर दम नाहीं, आणि तो खोकला. चारही लक्षणें एका कारणांतून निघालीं.

घासण्याचा आवाज मात्र अजून उरला होता, आणि त्याचें कारण वेगळें निघालें. साखळीच्या कड्या एकाच बाजूनें चकाकत होत्या. याचा अर्थ दोन्ही चाकें एका पातळींत नव्हतीं. साखळी तिरपी धांवत होती. क्रँकशाफ्टच्या चाकामागें पातळ वॉशर घालून ही पातळी साधावयाची असते. बंधूंच्या संग्रहांत दुरुस्तीची मूळ इंग्रजी पुस्तिका होती, ती आम्हीं बरोबर नेली होती. तींत स्पष्ट लिहिलें आहे कीं, जुनेच भाग परत बसवावयाचे असतील तर निघाले तितकेच वॉशर घालावे. पण भाग नवे असतील तर मोठ्या चाकाच्या दांत्यांवर सरळ पट्टी धरून लहान चाकापर्यंतची फट मोजावी, तींतून ०.००५ इंच वजा करावे, आणि उरेल तितक्या जाडीचे वॉशर घालावे. कारागिरानें सवयीप्रमाणें जुने वॉशर मोजून तेवढेच परत घातले होते. त्यानें तें वाचून घेतलें, आणि कोणी विचारण्यापूर्वीं म्हणाला, "ही चूक माझी." त्याच्या या दोन शब्दांनीं आमच्या मनांत त्याची योग्यता जितकी वाढली, तितकी मघांच्या सर्व परीक्षेनेंही वाढली नव्हती.

आतां चाक कोणी आणलें हा प्रश्न आला. कारागिरानें नेहमींच्या दुकानांतील संच सुचविला होता. पुतण्यानें कांहीं शें रुपये वांचतात म्हणून दुसरीकडून, कर्त्याचें नांवही नसलेल्या डब्यांतला संच आणून दिला होता. विकणाऱ्यानें तो जाणून दिला असेल असें आम्ही म्हणत नाहीं. बाहेरून तो नवा व तेजस्वी दिसत होता, आणि दांते मोजून कोण घेतो?

पुढचें काम सरळ झालें. या खेपेस कारागीर जुनें चाक खिशांत घालून दुकानीं गेला आणि नवें त्यावर ठेवून, जुळवून मगच घेतलें. फट मोजली ती ०.०२५ इंच भरली, तींतून ०.००५ वजा जातां ०.०२० इंच जाडीचे वॉशर पडले. दोन्ही चाकें साखळींत अडकवून, ठिपके समोरासमोर ठेवून, तीं जोडीनेंच दांड्यांवर सरकविलीं. मग झांकण लावण्यापूर्वीं एंजिन हातानें दोन पूर्ण फेरे फिरविलें. ठिपके पुन्हां रेषेवर आले. झांकणाचे स्क्रू प्रथम ढिले ठेवून पुली आंत घातली, म्हणजे तेल अडविणारें सील पुलीभोंवतीं आपोआप मध्यावर येतें, आणि नंतर ते आवळले. हा क्रम चुकला तर पुढें तेथून तेल गळत राहतें. एंजिन दुसऱ्या झटक्याला चालू झालें. आवाज नाहीं, खोकला नाहीं.

हिशेब आम्हीं असा केला. नव्या संचाची किंमत व उघडण्याबसविण्याची मजुरी पुतण्यानें द्यावी. वॉशरांच्या कामाची मजुरी कारागिरानें मागूं नये. मागची बाकी पुरी चुकती व्हावी. हें दोघांनीं मान्य केलें. पण एक बाकी पैशानें फिटणारी नव्हती. आम्ही पुतण्यास म्हणालों, "जें चारचौघांत बोललास तें चारचौघांतच मागें घेतलें पाहिजे. घरीं बोलावून चहा पाजलास म्हणजे झालें, असें समजूं नकोस." त्यास तें जड गेलें, पण मुलगा बंधूंच्या वळणाचा आहे. दुसऱ्या रविवारीं तो गॅरेजांत गेला आणि त्याच मंडळींसमोर म्हणाला कीं, दांता यानें चुकविला नव्हता. चाक मीं आणलें होतें आणि घाईही मींच केली होती. कारागीर त्यावर एवढेंच म्हणाला, "वॉशर माझ्याकडून राहिले होते, साहेब."

आपल्या घरांतून विद्येचा मोठा अभिमान असतो, आणि तो असावा. परंतु विद्या म्हणजे शाईनें लिहिलेली तीच, असा एक अर्थ त्याला नकळत चिकटतो. आमच्या सांगलीजवळच १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. त्यांनीं खडू ठेवून लोखंड हातीं घेतलें, तेव्हां त्यांची बुद्धि कमी झाली नाहीं. मात्र त्यांच्या कारखान्याचा अभिमान सांगणारीं आपलीं घरें दारांतल्या मिस्त्र्याशीं बोलतांना तें विसरतात. शंका घेणें, ती कसोटीला लावणें, लक्षणावरून घाईनें निष्कर्ष न काढणें, आणि आपली चूक दिसतांच ती आपली म्हणणें, या चार गोष्टी ज्याच्या ठायीं आहेत त्यास आम्ही विद्वान् म्हणूं. मग त्याच्या हाताला शाई लागलेली असो कीं ग्रीज.

जुनी गाडी बाळगणाऱ्या वाचकांस दोन व्यवहाराच्या सूचना देऊन थांबतों. एंजिन बांधावयास दिलें असेल तर निघालेले जुने भाग हातीं येईपर्यंत भंगारांत जाऊं देऊं नयेत. नव्याचें खरेंखोटेपण जुन्यावरूनच कळतें. आणि "खुणा जुळत नाहींत" असें कारागीर सांगेल, तर त्या दिवशींचा प्रवास खुशाल पुढें ढकलावा. आंबा घाट कोठें पळून जात नाहीं.